कबूल म्हणेपर्यंत

काकाजींच्या तोंडी डावं-उजवं हे शब्दच नव्हते. पंगतीत जेवायला बसले तरी वाढणाऱ्याला म्हणायचे, "पूर्वेच्या वाटीत वरण टाक गा, पश्चिमेची भरली आहे." न्हाव्याला सांगायचे, "दक्षिणेकडची मिशी जरा जास्त दिसून राहिली." न्हावी नवा असला तर वस्तरा हातात धरून नुसता पाहत राही. काकूंना मात्र सवय झाली होती. "अवं, उत्तरेच्या फळीवर चष्मा आहे का माहा?" असं ते ओसरीवरून ओरडले की काकू चुलीपासून हलायच्या नाहीत. "तुमच्या नाकावर आहे. आता नाक कोणत्या दिशेले आहे ते तुमचं तुम्ही पाहा."

लोक हसायचे. मीही हसलो असेन. पण त्यांचं पोटच दिशांवर चाललं होतं.

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली सतरंजी टाकून, समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी ठेवून काकाजी दस्त लिहायचे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. ज्याला जमीन विकायची, ज्याला घ्यायची, ते दोघं त्यांच्यासमोर बसत. काकाजी लिहीत आणि तो कागद आत साहेबासमोर जाऊन पक्का होई. जमिनीच्या कागदात तिच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, उत्तरेस नाली, दक्षिणेस तमक्याचा प्लॉट. याला चतुःसीमा म्हणतात. ती चुकली की शेजारी शेजारी कोर्टात म्हातारे होतात.

मी चौथी शिकलेला माणूस. त्याची मला तेव्हाही लाज नव्हती, आज तर नाहीच. इतवारीत एका धान्याच्या दुकानात मी मापारी होतो. एकदा शेठ चारचौघांत माझ्या मापावर शंका घेऊन बोलला. मी तागडी तिथंच टाकली आणि त्याहून मोठ्यानं बोललो, की या दुकानाची पायरी आता मेलो तरी चढणार नाही. घरी आलो. बायको म्हणाली, "बोलले ते बरं केलं. पण आता खाऊ काय, ते बी बोलून यायचं होतं."

मग सायकलवर माणसं बसवून प्लॉट दाखवत फिरू लागलो. तेव्हा शहर सगळीकडून पसरत होतं, जिथं तिथं लेआऊट पडत होते. गिऱ्हाईक जमलं की कागद लिहायला काकाजींकडे आणायचो. येता-जाता त्यांच्या सतरंजीवर टेकू लागलो. पुढं त्यांचे कागद उतरवून देऊ लागलो. माझं अक्षर मोठं आणि सावकाश, पण स्वच्छ. ते पाहून एक दिवस म्हणाले, "तुह्या अक्षरात हवा खेळते. बस इथंच." मी बसलो.

आणि मग तो नवा नियम आला. परवान्याशिवाय कोणालाही आवारात बसून दस्त लिहिता येणार नाही, आणि परवाना हवा तर परीक्षा. जुनी परवानगी चालणार नाही. ज्यांनी कडुनिंबाखाली आयुष्य घालवलं त्यांनाही परीक्षा.

काकाजींनी नोटीस उभ्या उभ्या वाचली. "जे माहे दस्त वाचून साहेब झाले, ते माही परीक्षा घेणार?" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. त्यांनी अर्ज केला नाही. काकूंनी सांगून पाहिलं, शेजारच्या दस्तवाल्यांनी सांगितलं. ते म्हणायचे, "माही परीक्षा रोज होते. विकणारा समोर बसते ना." आणखी एक गोष्ट मला दिसत होती, ती मी कधी बोललो नाही. त्यांचा लिहिता हात कापायला लागला होता. पाणी पितानाही ते पेला दोन्ही हातांनी धरत, आणि कोणी पाहिलं तर पेला खाली ठेवून देत.

अर्ज त्यांनी माझा भरायला लावला. म्हणजे गोष्ट सरळ होती. मी पास झालो तर ती जागा, ती पेटी आणि माझं घर टिकणार. नापास झालो तर कडुनिंबाखाली दुसरा कोणी बसणार, काकाजी घरी बसणार, आणि मला इतवारीची पायरी चढावी लागणार. ती मी चढणार नव्हतो. म्हणून दुसरा रस्ता नव्हता.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग व्हा पास. तिथं ओरडून चालत नाही म्हणे."

काकाजींची शिकवायची रीत दुसऱ्या कोणाला सांगितली तर खोटी वाटेल. पहिले काही दिवस त्यांनी मला टाक हातात धरू दिला नाही. सक्करदऱ्याच्या तलावाच्या पलीकडे एक रिकामा प्लॉट होता, तिथं नेलं. वैशाखाचं ऊन. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. म्हणाले, "चप्पल काढ. चारी बाजूनं चाल."

"काकाजी, पाय भाजून राहिले ना!"

"भाजू दे. डोळ्यानं पाहिलेली जागा माणूस विसरते. पायानं पाहिलेली नाही विसरत."

मी चाललो. पूर्वेस कच्चा रस्ता. दक्षिणेस बाभळीचं कुंपण. पश्चिमेस एका शिंप्याचं टिनाचं घर, तिथं मशीन खडखडायची. उत्तरेस पडकी विहीर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्लॉट. मग पुन्हा. एकदा चिडून विचारलं, "हा कोणाचा प्लॉट आहे, आपल्याले काय करायचं त्याचं?" ते म्हणाले, "तुले मालकाशी काय करायचं? तू सीमेशी बोल."

मग लिहिणं सुरू झालं. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. उदबत्ती लावायचे. ती विझायच्या आत खरेदीखत पूर्ण व्हायला हवं. मी सावकाश लिहिणारा. उदबत्ती विझायची आणि माझी पश्चिम राहून जायची. "पश्चिम कुठं गेली गा तुही? मावळली का?" असं म्हणून ते कागद टराटर फाडत. ओळीच्या शेवटी रिकामी जागा सुटली तरी फाडत. रिकाम्या जागेत मागाहून कोणी काही घुसवू नये म्हणून तिथं आडवी रेघ मारायची असते. रेघ विसरली की दस्त बाद. माझ्या झोपेत उदबत्तीचा वास यायचा आणि मी दचकून उठायचो. बायको म्हणायची, "देवाचं नाव काढलं नाही कधी, आता रात्रंदिवस उदबत्ती."

तिसरा भाग वाचण्याचा. परीक्षेतही तो होता. आपण लिहिलेला दस्त साहेबासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा. कारण विकणाऱ्याला वाचता येत नसेल तर दस्तवाल्यानं त्याला वाचून दाखवायचा असतो. काकाजी एक वाक्य वाचत, थांबत आणि विचारत, "कबूल?" समोरच्यानं तोंडानं कबूल म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. नुसती मुंडी हलवली तर चालत नसे. "मुंडी तर बैल बी हालवते. तोंडानं बोल." आत साहेब वाट पाहत असो, घेणारा पाय आपटत असो.

सरावाला विकणारा ते स्वतः होत. कधी बहिरा म्हातारा. कधी दारू पिऊन आलेला भाऊ. कधी दुपट्टा डोक्यावरून पदरासारखा ओढून विधवा बाई. मी वाचायचो, "सदर मिळकत कायम खरेदी दिली असे." विधवा पदराआडून विचारायची, "कायम म्हंजे किती दिवस?"

"कायम म्हंजे कायम, काकाजी."

"काकाजी कोण? मी बाईमाणूस आहो. सांग, पोळ्याले परत मिळंन का?"

"नाही मिळणार बाई. कधीच नाही."

"मंग असं सांग ना." आणि मग पदर आणखी पुढं ओढून, बारीक आवाजात, "कबूल."

काकू आतून हसायच्या. एकदा हसल्या नाहीत. मी निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, "ते नाटक नाही करत, भाऊ. अशी एक बाई होती. तिले वाटलं घर गहाण टाकून राहिली. कागद विक्रीचा होता. यायनंच लिहिला होता, भरभर वाचला, तिनं मुंडी हालवली. मंग दर गुरुवारी ते बाई झाडाखाली येऊन बसे आणि विचारे, घर कधी मोकळं होते म्हणून. मरेपर्यंत आली ते."

त्या दिवशी मी घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

पण परीक्षा जवळ आली तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. अर्ज केलेली बाकीची माणसं शिकलेली, कोणी वकिलाकडे कारकून, कोणी कॉलेजात जाऊन आलेला. ते सांगत, तिथं साहेबाकडे वेळ नसतो, गाडीसारखं वाचायचं आणि उठायचं. मी काकाजींना म्हणालो, "परीक्षेत हे कबूल-कबूल नको. साहेब काही जमीन विकायले नाही बसला. वेळ जाते, उदबत्ती विझते."

"मंग नको येऊ उद्यापासून," काकाजी म्हणाले.

"नाही येत," मी म्हणालो.

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी एकट्यानं लिहीत बसायचो, पण कागद फाडायला कोणी नाही म्हणून हात पुढं जाईना. बायको ताकाचा पेला ठेवून म्हणाली, "शेठशी भांडले तेव्हा पायरी सोडली. आता याईशी भांडले. तिसरा कोणी उरला का भांडायले?" मी ताक पिऊन टाकलं. मी माझ्या हट्टाबद्दल कधी कोणाला उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी काकाजी उभे दिसले. डोक्याला दुपट्टा, पाठ माझ्या घराकडे.

"काकाजी? इकडं कसे काय?"

"पश्चिमेले काम होतं जरा," ते वळलेच नाहीत.

आमच्या गल्लीच्या पश्चिमेला भिंत होती. ती गल्ली तिथंच संपत होती. मी लिहायचे कागद घेतले आणि त्यांच्या मागून चालू लागलो.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं खिशात कांदा घातला, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आज तोंड सांभाळून." परीक्षा एका शाळेत होती. काकाजी फाटकापर्यंत आले. आत यायला त्यांनी नकार दिला. फाटकाबाहेर सावली बारीकशी होती, तिथं उभे राहिले. सगळ्यांचे घरचे आपापल्या माणसाला काही ना काही सांगत होते, डोकं शांत ठेव, पाणी पी. काकाजी एवढंच म्हणाले, "बसल्याबरोबर पूर्व शोध."

आत पोरांचे बाक. गुडघे पोटाशी आले. खिडक्यांना खसाच्या ओल्या ताट्या लावून सगळं बंद केलेलं. थंडगार आणि अंधारं. प्रश्नाचा कागद हातात आला. एक माणूस प्लॉट विकतो, त्याची माहिती खाली दिली आहे, खरेदीखत तयार करा. सगळे लिहायला लागले. टाकांचा आवाज सुरू झाला. आणि माझा हात उठेना. मला पूर्व सापडत नव्हती. फाटकातून आत येताना किती वळलो ते ध्यानात नव्हतं, ऊन कुठून येतं ते दिसत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं पूर्वेस रस्ता, उत्तरेस विहीर, पण तो रस्ता माझ्या कोणत्या अंगाला ठेवायचा? इतके दिवस ज्या प्लॉटवर भाजत चाललो तो माझ्या डोक्यात उलटा फिरू लागला. बाभळीच्या जागी विहीर आली. घाम आला, खिशातला कांदा ओला झाला.

शेवटी उभा राहिलो. देखरेखीला असलेल्या बाबूला विचारलं, "साहेब, पूर्व कोणत्या अंगाले आहे?"

सगळा हॉल हसला. बाबू म्हणाला, "खाली बसा. नक्कल करायची नाही."

"नक्कल नाही करून राहिलो. दिशा विचारून राहिलो."

"बसा, नाही तर बाहेर काढतो!"

मी बसलो नाही. बसून उपयोगच नव्हता. तेवढ्यात दाराशी स्टूलवर बसलेला म्हातारा चपराशी, तोंडात पान, हात लांब करून म्हणाला, "तिकडं. मंडईच्या अंगाले. सकाळी तिकडूनच निंघते सूर्य, आजही तिकडूनच निंघाला." पुन्हा हशा. पण मी बाकावर पूर्वेला तोंड करून तिरपा बसलो, आणि प्लॉट जागेवर आला. रस्ता पुढं, विहीर एका अंगाला, कुंपण दुसऱ्या अंगाला, पाठीशी शिंप्याची मशीन. टाक चालू लागला. शेवटच्या ओळीच्या रिकाम्या जागेत आडवी रेघ मारली तेव्हा घंटा झाली.

दुपारी वाचणं. एकेकाला आत बोलावत. आत जाणारा लगेच बाहेर येई. माझं नाव आलं. मोठ्या टेबलामागे साहेब, बाजूला कारकून, दाराशी तोच चपराशी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वाचा."

मी पहिलं वाक्य वाचलं. आणि थांबलो. खरं सांगतो, थांबायचं ठरवून गेलो नव्हतो. रस्त्यानं येताना तर गाडीसारखं वाचायचं असंच घोकत होतो. पण वाक्य संपलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "कबूल?"

साहेबांनी वर पाहिलं. "काय?"

"कबूल आहे का, असं विचारलं."

"मी काय जमीन विकतो आहे का? पुढे वाचा."

मी पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं. डोळ्याला अक्षरं दिसत होती. तोंड उघडेना. डोळ्यासमोर दुपट्ट्याचा पदर ओढून बसलेली ती बाई आली, दर गुरुवारी येणारी. मी तिला पाहिलेली नव्हती, तरी आली.

"वाचता येत नाही का तुम्हाला?"

"येते साहेब. पण विकणारा कबूल म्हणेपर्यंत पुढं वाचता नाही येत."

"ही परीक्षा आहे. इथे विकणारा नाही."

"मंग ज्याचा दस्त आहे त्याच्याऐवजी कोणी तरी म्हणा. मी इथं उभा राहीन तोपर्यंत."

इतका वेळ हसणारा कारकून थांबला. साहेबांनी टाक उचलला, माझ्या नावासमोर नेला. मला ते दिसलं. माझं घर, कडुनिंब, पेटी, सगळं त्या टाकाच्या टोकाशी आलं होतं. शब्द गिळायला एक क्षण पुरला असता. तो क्षण मी गेला तसा जाऊ दिला.

आणि मागून, दारातून, पानाची पिचकारी दाबत आवाज आला, "कबूल हाय बापा! वाच लवकर, साहेबाईचा डबा थंडा होऊन राहिला!"

साहेबांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. पण टाक टेकवला नाही. मी दुसरं वाक्य वाचलं. दाराकडे पाहिलं. "कबूल." तिसरं. "कबूल." चतुःसीमा आली तेव्हा चपराशी दोन पावलं पुढं येऊन नीट ऐकू लागला. "आणि विहीर कोणाची?" त्यानंच विचारलं. मी सांगितलं. "मंग कबूल." शेवटच्या वाक्यापर्यंत तसंच.

साहेब म्हणाले, "कोणाकडे शिकलात?"

मी काकाजींचं नाव सांगितलं. त्यांनी काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. "जा."

फाटकाबाहेरची सावली केव्हाच सरकली होती. काकाजी उन्हात उभे होते. पेपर कसा गेला, हे विचारलं नाही.

"पूर्व कुठं होती?"

"मंडईकडं."

"बरोबर. आणि कबूल कोण म्हटलं?"

"चपराशी."

ते हसले. इतके हसले की फाटकाचा गज धरावा लागला. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. मग डोळे पुसून एकदम गंभीर झाले. "त्याले समजलं होतं का पण? का नुसतंच म्हणे?"

"विहीर कोणाची, विचारलं त्यानं."

"मंग समजलं," काकाजी म्हणाले.

त्यानंतर वाट पाहणं. नियम लागू व्हायचा दिवस जवळ येत होता आणि निकाल येत नव्हता. काकाजी रोज बसत, लिहीत, पण पेटीतल्या वस्तू हळूहळू घरी नेऊ लागले. मी विचारलं तर म्हणत, "साफ करून राहिलो." एक दुपारी आवारात सायकलची घंटी वाजली. तो चपराशी. उतरलासुद्धा नाही. "विकणारा मी होतो ना, मंग सांगायले बी मीच आलो. झाला तू पास!" आणि पुढं निघून गेला.

काकाजी उठले. सतरंजीवरून उठले आणि मला म्हणाले, "बस. पूर्वेले तोंड करून." दौत तेवढी त्यांनी नेली.

त्यानंतर ते आवारात दिसले नाहीत. मी घरी जायचो तर काकू म्हणायच्या, झोपले आहेत. मग एक दिवस सकाळीच आले. लेक सोबत होती. जिथं विकणारे बसतात तिथं, सतरंजीच्या काठावर, मांडी घालून बसले.

"बक्षीसपत्र लिहायचं आहे. प्लॉट लेकीच्या नावानं करायचा आहे."

"कुठला प्लॉट?"

"सक्करदऱ्याचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पूर्वेकडे पाहत होते. मी कागद घेतला आणि चतुःसीमा त्यांना न विचारता लिहिली. पूर्वेस कच्चा रस्ता, पश्चिमेस शिंप्याचं टिनाचं घर, उत्तरेस पडकी विहीर, दक्षिणेस बाभळीचं कुंपण. लिहिताना तळपाय भाजत होते.

मग वाचायला लागलो. पहिलं वाक्य वाचून विचारलं, "कबूल?"

काकाजींनी मुंडी हलवली.

मी थांबलो. लेक म्हणाली, "हो म्हणाले ना ते." मी त्याच वाक्यावर बोट ठेवून बसून राहिलो. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"कबूल," ते म्हणाले.

एकेक वाक्य गेलं. दस्त संपला. सहीसाठी मी टाक पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, अंगठा पुढं केला. सगळ्या आवारात त्यांच्यासारखी सही कोणाची नव्हती. मी अंगठ्याला शाई लावली आणि तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून कागदावर टेकवला.

कागद घडी करायला लागलो तर म्हणाले, "थांब. खालची ओळ राहिली."

खालची ओळ लिहिणाऱ्याची असते. ती पक्षकाराला वाचून दाखवत नाहीत. तिथं माझं नाव होतं आणि नावापुढं, परवानाधारक दस्तलेखक. मी ती ओळ वाचली, जशी बाकीची वाचली होती तशीच, सावकाश. आणि पुन्हा घडीला हात घातला.

"कबूल," काकाजी म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.